बेटावरचे लोखंड शहरापर्यंत का पोचत नाही? (सिव्हिलायझेशन ४, बियॉन्ड द स्वोर्ड)

पर्लकोटाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला राहतो आणि गेली दोन वर्षे घरच्या जुन्या संगणकावर ‘सिव्हिलायझेशन ४’ हा राज्य उभारण्याचा संगणक-खेळ, त्याच्या ‘बियॉन्ड द स्वोर्ड’ या २००७ च्या विस्तारासह, खेळत आहे. मूळ खेळ २००५ चा असल्यामुळे जुन्या यंत्रावर तो चालतो, इंटरनेट नसले तरी चालतो, आणि मध्येच वीज गेली तरी ऑटोसेव्हवरून पुढे सुरू करता येतो. आमच्याकडे पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

या वेळी मी भारताचा नेता अशोक घेऊन ‘आर्किपेलॅगो’ नकाशावर, म्हणजे बेटाबेटांच्या नकाशावर, पहिल्यांदाच खेळतो आहे. शहरांची नावे बदलण्याची सोय खेळात आहे आणि मी ती नेहमी आपल्या जिल्ह्यातली देतो, म्हणून पुढे तीच नावे वापरतो. राजधानी वैरागड समुद्रकाठी आहे, तिच्या दक्षिणेला समुद्रकाठीच सिरोंचा आहे आणि आत जंगलात आलापल्ली आहे. माझ्या भूभागावर तांबे नाही आणि घोडेही नाहीत. ‘आयर्न वर्किंग’ हे तंत्र शिकून झाल्यावर लोखंड दिसले ते सिरोंचाच्या पूर्वेला, सरळ रेषेत तिसऱ्या घरावर, अवघ्या तीन घरांच्या एका बेटावर. बुद्धिबळाच्या पटावर आपण म्हणतो तसे नकाशाच्या एकेका चौकोनाला मी येथे घर म्हणत आहे. सिरोंचा आणि लोखंड यांच्या मध्ये पाण्याची फक्त दोन घरे आहेत आणि ती दोन्ही उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्याची आहेत.

सिरोंचाचे कल्चर, म्हणजे हद्द वाढवणारा सांस्कृतिक प्रभाव, १०० च्या पुढे गेले तेव्हा माझी हद्द पाणी ओलांडून त्या बेटावर पोचली. मी लगेच गॅलीतून, म्हणजे लहान जहाजातून, वर्कर (कामगार) पलीकडे उतरवला. त्याने लोखंडाच्या टेकडीवर खाण खोदली आणि त्याच घरावर रस्ताही बांधला. त्यानंतर दहा टर्न (खेळातल्या पाळ्या) झाले, पण सिरोंचाच्या पडद्यावर उजवीकडे साधनसंपत्तीची जी यादी दिसते तिच्यात लोखंड आलेले नाही आणि स्वोर्ड्समन (तलवारवाला) निवडताही येत नाही. रस्ता अपुरा पडत असेल असे वाटून मी बेटाच्या उरलेल्या दोन घरांवरही रस्ते बांधले. लोखंड वाहून आणायला जहाज लागत असेल असे वाटून गॅली चार टर्न मधल्या पाण्यात उभी केली, मग दोन वेळा ये-जा करवली. सिरोंचात लाइटहाउसही बांधून पाहिले. काहीही बदलले नाही.

‘सेलिंग’ मला येते. ‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘कंपास’ अजून शिकलेलो नाही. शोध घेतला तेव्हा एका ठिकाणी ‘दोन्हीकडे हार्बर हवे’ असे लिहिलेले आढळले, दुसऱ्या ठिकाणी ‘काहीच जोडावे लागत नाही, खाण पुरते’ असे आढळले. हार्बर (बंदराची इमारत) बांधायला कंपास लागतो, आणि बेटावर माझे शहरच नसताना तिकडचे हार्बर बांधायचे कोठे, हेही कळत नाही.

उत्तरेच्या बेटावर अ‍ॅझटेकांचा प्रतिस्पर्धी राजा मॉन्टेझुमा आहे. त्याच्या गॅली माझ्या किनाऱ्याजवळून फिरू लागल्या आहेत आणि त्याच्या जॅग्वार योद्ध्यांना लोखंड लागतच नाही. माझ्याकडे मात्र धनुर्धाऱ्यांखेरीज काही नाही, त्यामुळे हा प्रश्न मला फार दिवस लांबवता येणार नाही. माझे नेमके काय चुकते आहे?

दारव्हा मोतीबाग (उत्तर)

नमस्कार. आपले कोणतेही काम वाया गेलेले नाही. खाण बरोबर आहे, रस्ताही बरोबर आहे. उणीव एकाच गोष्टीची आहे, आणि ती खेळात कोठेही स्पष्टपणे सांगितलेली नसल्यामुळे बहुतेकांना पहिल्या बेटावर ही ठेच लागते.

या खेळात जमिनीवरचे जाळे आणि पाण्यावरचे जाळे ही दोन वेगळी जाळी आहेत. रस्ता असलेले घर शेजारच्या रस्ता असलेल्या घराशी आपोआप जोडले जाते. सेलिंग आले की किनाऱ्यालगतच्या पाण्याचे एक घरही दुसऱ्याशी आपोआप जोडले जाते, आणि आपल्या स्वतःच्या हद्दीतले पाणी तर सेलिंगशिवायही चालते. परंतु रस्त्याचे घर पाण्याला अगदी चिकटून असले तरी त्या दोहोंचा सांधा आपोआप बसत नाही. तो बसतो शहरात. नदी समुद्राला मिळते तेथेही बसतो, पण तीन घरांच्या आपल्या बेटावर नदी असण्याची शक्यता दिसत नाही. आणि बियॉन्ड द स्वोर्डमध्ये तो आणखी एका जागी बसतो, ती म्हणजे फोर्ट, वर्करने बांधायचा किल्ला. या विस्तारात व्यापारी जाळ्याच्या दृष्टीने फोर्टला शहराचा दर्जा दिलेला आहे.

माझ्या तालुक्यातून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे उदाहरण देतो, कारण मला स्वतःला हा नियम तिच्यामुळेच पक्का समजला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी इंग्रजांच्या काळात मुख्यतः कापसासाठी घातली गेली. मुंबईकडे जाणारा मुख्य मार्ग रुंद रुळांचा. मूर्तिजापुरात दोन्ही रूळ शेजारी शेजारी होते, तरी छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढू शकत नव्हता. गाठोडी तेथे उतरवून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. आज ती गाडी बंद आहे, पण माल एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर चढवायला जागा लागते हे त्या स्थानकाकडे पाहून कोणालाही कळावे. आपल्या बेटावर अरुंद रूळही आहेत आणि रुंद रूळही आहेत, फक्त मूर्तिजापूर बांधायचे राहिले आहे.

जहाज मध्ये उभे करण्याचा प्रयत्न आपण केलात, तो स्वाभाविक होता. मात्र या खेळात माल वाहण्यासाठी कोणतेही जहाज लागत नाही. गॅली दोन तुकड्या नेते, बस्स. वर्कर नेऊन सोडल्यावर तिचे या बाबतीतले काम संपले.

आता करायचे ते असे. मॅथेमॅटिक्स शिकून घ्या, कारण फोर्ट त्याशिवाय बांधता येत नाही. ते आले की वर्करला थेट लोखंडाच्या घरावरच फोर्ट बांधायला लावा. एका घरावर एकच सुधारणा राहू शकते, त्यामुळे फोर्ट उभा राहिला की खाण नाहीशी होईल. ती बिनदिक्कत जाऊ द्या. आपल्या परिस्थितीत खाण जाण्याने एक हॅमरसुद्धा (हॅमर म्हणजे उत्पादनाचे एकक) बुडत नाही, कारण शहराला स्वतःभोवतीची जास्तीत जास्त २० घरेच कसता येतात आणि सरळ रेषेतले तिसरे घर त्यांच्या बाहेर असते. म्हणजे ती खाण आजही सिरोंचाच्या उपयोगाची नाही. फोर्टमध्ये लोखंड मात्र जोडले जाते. रस्ता त्या घरावर आहेच, तो तसाच राहू द्या. फोर्ट बांधताना रस्ता मोडला जात नाही, आणि जोडणीसाठी फोर्टच्या घरावर रस्ता असणे आवश्यक आहे. पुष्कळ जण फोर्ट बांधतात, रस्ता विसरतात आणि पुन्हा हाच प्रश्न विचारतात.

दुसरा मार्ग असा की खाण ठेवायची आणि शेजारच्या घरावर फोर्ट व रस्ता करायचा. तोही चालतो, पण खाण कोणीच कसत नसताना त्यात हशील नाही.

एक बाब तपासून घ्यावी. लोखंड आपल्या सर्व शहरांना एकदम मिळते अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते फक्त त्या जाळ्यातल्या शहरांना मिळते. वैरागड आणि सिरोंचा समुद्रकाठी असल्यामुळे त्यांना ते पाण्यावरून मिळेल. आलापल्ली आत आहे, तेव्हा तेथून यांपैकी एका शहरापर्यंत अखंड रस्ता किंवा नदी आहे ना, हे घर न घर मोजून पाहा. मध्ये एक घर जरी मोकळे असले तरी आलापल्ली कोरडीच राहील.

आणि मूळ २००५ चा खेळ किंवा २००६ चा ‘वॉरलॉर्ड्स’ खेळणाऱ्यांसाठी एक सूचना : त्या दोन्हींत फोर्टला ही शक्ती नाही. तेथे बेटावर शहर वसवणे हाच मार्ग आहे.

धानाची बांधी (उत्तर)

वरील उत्तरातील नियम अगदी बरोबर आहे, पण सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी गोंदिया जिल्ह्यातून लिहिते आहे आणि बेटांचे नकाशे मी आवडीने खेळते. माझ्या मते अशा बेटावर शहरच वसवावे.

पहिले कारण हद्दीचे आहे. फोर्टमधून कल्चर निर्माण होत नाही. आज ते बेट आपल्या हद्दीत आहे ते केवळ सिरोंचाच्या कल्चरची तिसरी कड तेथवर पोचली म्हणून, आणि तीन घरे दूरच्या जमिनीवरचा असा ताबा फार हलका असतो. मॉन्टेझुमाने किंवा आणखी कोणी त्या बेटाच्या दुसऱ्या टोकावर शहर वसवले, तर त्याच्या कल्चरचा जोर जवळून पडतो आणि काही टर्नांत फोर्टचे घर त्याच्या हद्दीत जाऊ शकते. फोर्ट तसाच उभा राहतो, पण लोखंड जाते, आणि तेही युद्धाची घोषणा न होता. माझ्या एका खेळात माझे तांबे असेच गेले. कुऱ्हाडवाल्यांची तुकडी अर्धी तयार होती आणि एका टर्नला ती यादीतून नाहीशी झाली. कारण शोधायला मला बराच वेळ लागला, कारण फोर्ट तर नकाशावर जसाच्या तसा दिसत होता.

दुसरे कारण व्यापाराचे. दोन वेगळ्या भूभागांवरील शहरांमधला व्यापारमार्ग एकाच भूभागावरील मार्गापेक्षा जास्त कॉमर्स, म्हणजे व्यापारी उत्पन्न, देतो. भूभाग वेगळा असण्याबद्दलच १०० टक्के वाढ मिळते. बेट तीन घरांचे असले तरी खेळाच्या हिशेबाने तो वेगळा भूभाग आहे. म्हणून तिथल्या लहानशा शहराचा लाभ वैरागड आणि सिरोंचालाही होतो. सुरुवातीला हे आकडे एक-दोन कॉमर्सचे असतात हे मान्य आहे, पण पुढे आपण ‘ग्रेट लाइटहाउस’ बांधले तर समुद्रकाठच्या प्रत्येक शहराला दोन व्यापारमार्ग वाढून मिळतात आणि मग या छोट्या बेटाची किंमत कळते.

तिसरे कारण, शहर लोखंडाच्या शेजारच्या घरावर वसवले तर खाण खाण राहते आणि ती कसणारे शहरही मिळते. तीन घरांच्या बेटावर जमीन कमी असते म्हणून लोक अशा शहराला नाके मुरडतात, पण आपल्याकडे लाइटहाउसची सोय आहे. ते बांधले की पाण्याच्या प्रत्येक घरातून एक अन्न जास्त मिळते आणि शहर समुद्रावर जगते.

खर्च लागतो, हे मी लपवत नाही. सेटलर, म्हणजे नवे शहर वसवणारी तुकडी, १०० हॅमरांचा असतो आणि तो तयार होत असताना शहराची वाढ थांबते. शिवाय प्रत्येक नव्या शहराबरोबर देखभालीचा खर्च वाढतो, आणि तो राजधानीपासूनच्या अंतरावरही ठरतो. मात्र बेट जवळ आहे, आणि बियॉन्ड द स्वोर्डमधला वसाहतीचा जो वेगळा खर्च आहे तो दूरच्या भूभागावर दुसरे शहर वसवल्यावर लागू होतो, पहिल्याला नाही. तीन घरांच्या बेटावर दुसरे शहर कोणी वसवणार नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये.

पर्लकोटाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रस्ता आणि पाणी यांना जोडणारी जागा लागते, हे वाचल्यावर मला आमची नदीच डोळ्यांपुढे आली. पर्लकोटेला पूर आला आणि पुलावरून पाणी गेले की अलीकडचा रस्ताही शाबूत असतो आणि पलीकडचाही शाबूत असतो, तरी भामरागडला दाणागोटा पोचत नाही. डोंगा घालायचा तरी दोन्ही तीरांना तो लावण्याजोगा उतार लागतो, कुठल्याही दरडीला डोंगा लागत नाही. मी बेटावर तिन्ही घरांत रस्ते केले आणि उतार मात्र केला नाही, हे आता नीट उमगले.

दोन शंका उरल्या आहेत. मॅथेमॅटिक्सला अजून आठ टर्न आहेत आणि सेटलरला वैरागडमध्ये साधारण तेवढेच लागतील, तर मॉन्टेझुमाचा धोका लक्षात घेता आधी काय करावे? आणि हार्बरचे काय? तो सल्ला साफ चुकीचा होता का?

सेवाग्राम रोड (उत्तर)

हार्बरविषयी आधी लिहितो, कारण आपण वाचलेले दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत. ते याच मालिकेतल्या वेगळ्या खेळांचे आहेत. २००१ च्या ‘सिव्हिलायझेशन ३’ मध्ये दोन बेटांवरील शहरे समुद्रावरून जोडायची तर दोन्हीकडे हार्बर लागत असे. विमानतळाने तीच जोडणी होई, पण तो फार उशिरा हाती येतो. त्या खेळाची सवय असलेले लोक आजही सवयीने हार्बर सांगतात. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये उलट आपल्या हद्दीतल्या साधनावर योग्य ती सुधारणा केली की ते लगेच सगळ्या राज्याला उपलब्ध होते, रस्ता असो वा नसो. तेथे हार्बर लागते ते दूरचे शहर राजधानीशी जोडून त्याचे सोने मिळवण्यासाठी. मोबाइलवर चालणारा ‘अनसिव्ह’ हा मुक्तस्रोत खेळ पाचव्या भागाच्याच नियमांवर बेतलेला असल्यामुळे तो खेळणारे ‘खाण पुरते’ असे सांगतात. आपल्या चौथ्या भागात हार्बरचा जोडणीशी काहीही संबंध नाही. ते व्यापारमार्गाचे उत्पन्न ५० टक्क्यांनी वाढवते आणि मासे, खेकडे, शिंपले यांच्यामुळे आरोग्यात भर घालते. चांगली इमारत आहे, सवडीने बांधावी. लोखंडासाठी कंपासच्या मागे धावू नये.

आता आधी काय, या शंकेबद्दल. मी फोर्टच्या बाजूने मत देतो, आणि त्याचे कारण मॉन्टेझुमा आहे. वैरागड आठ टर्न सेटलर घडवण्यात अडकले तर तेवढे टर्न एकही सैनिक तयार होणार नाही. मॅथेमॅटिक्सचा अभ्यास मात्र शहरांची कामे चालू असतानाच होतो. शिवाय त्याचा दुसरा फायदा असा की ते शिकल्यानंतर जंगल तोडल्यास एरवीच्या दीडपट हॅमर मिळतात, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या खेळात २० ऐवजी ३०. आपल्या आलापल्लीभोवती जंगल आहे असे आपण लिहिले आहे. तेव्हा आत्ता त्याला हात लावू नका, मॅथेमॅटिक्स आल्यावरच तोडा.

लोखंड आल्यावर स्वोर्ड्समनकडे धाव घेऊ नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. आपल्याला सध्या बचाव करायचा आहे, आणि बचावात जॅग्वारसमोर खरा उपयोगी तो अ‍ॅक्समन, म्हणजे कुऱ्हाडवाला. त्याला तांबे किंवा लोखंड यांपैकी एक चालते, तो ३५ हॅमरांत होतो, त्याचे बळ ५ आहे आणि हाताने लढणाऱ्या तुकड्यांविरुद्ध त्याला ५० टक्क्यांची वाढ मिळते. जॅग्वारही बळ ५ चा आणि हाताने लढणाराच आहे. स्वोर्ड्समनचे बळ ६ असले तरी त्याचे वैशिष्ट्य शहरावर चढाई करण्यात आहे. जंगलाच्या एका तोडीचे ३० हॅमर म्हणजे जवळजवळ एक अ‍ॅक्समन, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

जोडणी झाल्यावरही ती तुटू शकते. युद्ध सुरू झाले की शत्रूच्या हद्दीतले पाणी आपल्यासाठी बंद होते. आपल्या बाबतीत मधली दोन्ही घरे आपल्याच हद्दीत असल्यामुळे ही अडचण येणार नाही. पण बियॉन्ड द स्वोर्डमध्ये शत्रूची लढाऊ जहाजे किनाऱ्याची नाकेबंदी करू शकतात आणि ती असेपर्यंत ते पाणी जाळ्यातून बाद होते. शत्रूची तुकडी बेटावर उतरून फोर्ट मोडू शकते, म्हणून तेथे एक धनुर्धारी कायम ठेवावा. फोर्ट त्याला बचावात २५ टक्के जादा देतो. लोखंड तुटले तरी आधी तयार झालेल्या तुकड्या कोठे जात नाहीत, फक्त नव्या करता येत नाहीत. म्हणून ज्या टर्नला लोखंड दिसेल त्याच टर्नपासून दोन्ही समुद्रकाठच्या शहरांत अ‍ॅक्समन लावावेत.

दारव्हा मोतीबाग

धानाची बांधी ताईंचा हद्दीचा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता, तो मी विसरलो. तीन घरे दूरच्या कल्चरवर विसंबणे लांब पल्ल्यात धोक्याचे आहे, हे मला मान्य आहे. पण दोन्ही गोष्टी एकामागून एक करता येतात. आत्ता फोर्ट बांधावा आणि वर्करला बेटावरच राहू द्यावे. मॉन्टेझुमाचे संकट ओसरले की सेटलर पाठवून शेजारच्या घरावर शहर वसवावे. शहर झाले की समुद्राचा सांधा तेथे बसतो, फोर्टची गरज उरत नाही आणि तोच वर्कर फोर्ट मोडून पुन्हा खाण करू शकतो. रस्ते आपण तिन्ही घरांवर बांधलेलेच आहेत, ते तेव्हा कामी येतील.

धानाची बांधी

हे मला पटते. फक्त फार उशीर करू नये. मॉन्टेझुमाचा सेटलर घेऊन एखादी गॅली त्या बाजूला फिरकताना दिसली, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आपला सेटलर आधी काढावा.

पर्लकोटाकाठ

कळवायला उशीर झाला, कारण पाच दिवस आमच्याकडे वीज नव्हती. आपल्या सल्ल्याप्रमाणे केले, आणि काय झाले ते सविस्तर लिहितो म्हणजे पुढे याच अडचणीत सापडणाऱ्याला उपयोग होईल.

मॅथेमॅटिक्स आल्या आल्या वर्करला लोखंडाच्या घरावर फोर्ट बांधायला लावला. खाण गेली, ती जाऊ दिली. फोर्ट पूर्ण झाला त्याच टर्नला सिरोंचाचा पडदा उघडून पाहिला, तर उजवीकडच्या यादीत लोखंडाचे लहानसे करडे चित्र आले होते. वैरागडमध्येही आले होते. आलापल्लीत मात्र नव्हते. घर न घर मोजल्यावर दिसले की आलापल्ली आणि सिरोंचा यांच्या मधल्या रस्त्यात जंगलाचे एक घर मोकळे राहिले होते. मी तो रस्ता पूर्ण झाला असे धरून चाललो होतो. दुसऱ्या वर्करने ते जंगल तोडले, ३० हॅमर आलापल्लीला मिळाले, आणि मग त्याने तेथेच रस्ता बांधला. रस्ता पूर्ण झाल्यावर आलापल्लीच्या यादीतही लोखंड आले.

सात टर्नांनी मॉन्टेझुमाने युद्ध पुकारले. दोन गॅलींतून चार तुकड्या सिरोंचाच्या उत्तरेला उतरल्या, त्यांत तीन जॅग्वार होते. तोवर माझ्याकडे चार अ‍ॅक्समन तयार होते, त्यांतले दोन सिरोंचात. जॅग्वारांनी शहरावर हल्ला केला आणि तिघेही तेथेच संपले. माझा एक अ‍ॅक्समन कामी आला. बेटाकडे त्याची गॅली एकदा वळली होती, पण फोर्टमध्ये धनुर्धारी पाहून म्हणा किंवा आणखी कशाने म्हणा, तेथे कोणी उतरले नाही.

सध्या तह झाला आहे आणि वैरागडमध्ये सेटलरला दोन टर्न उरले आहेत. गॅली बंदरात थांबलेली आहे. वर्कर बेटावरच आहे. लोखंडाच्या पूर्वेच्या घरावर शहर वसवले तर त्याच्या आवाक्यात माशांचे एक घर येते, दक्षिणेच्या घरावर वसवले तर येत नाही, म्हणून पूर्वेचे घर नक्की केले आहे. शहराचे नाव सुरजागड ठेवणार आहे, लोखंडाच्या डोंगराचे.